लहान मुलांना घेऊन आफ्रिकेत लांबचा मुक्काम: जावं का, केव्हा आणि कशी तयारी करून?

मार्च-एप्रिल आला की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. बाबांची नोकरी नैरोबीला, कंपालाला किंवा लागोसला असते. आई दोन मुलांना घेऊन दोन-तीन महिने, कधी वर्षभरासाठी तिकडे जाणार असते. तिकिटं काढून झालेली असतात. घरातली मोठी माणसं मात्र धास्तावलेली असतात. मग विचारलं जातं, "डॉक्टर, एवढ्या लहान मुलांना आफ्रिकेत न्यावं का?"

माझं उत्तर सहसा "न्या" असंच असतं. वडिलांपासून वर्ष-वर्ष लांब राहण्याचीही मुलाला किंमत मोजावी लागते, आणि ती कुठल्याही लसीकरणाच्या कार्डावर लिहिलेली नसते. पण या "न्या"ला अटी आहेत. कुठे जाताय, मुलाचं वय काय आणि तयारीला किती आठवडे हातात आहेत, यावर उत्तर बदलतं. काही वेळा मी स्पष्टपणे "थोडं थांबा" असंही सांगतो. त्यामागची कारणं आज सविस्तर मांडतो.

आफ्रिका म्हणजे नेमकं कुठे?

आफ्रिका हा ५४ देशांचा खंड आहे. "आम्ही आफ्रिकेला चाललोय" एवढ्या माहितीवर कुठलाही डॉक्टर नीट सल्ला देऊ शकत नाही. केपटाऊन आणि त्याच्या आसपास मलेरिया नाही, पण त्याच दक्षिण आफ्रिकेच्या ईशान्येला, क्रूगर अभयारण्याच्या पट्ट्यात, तो आहे. नैरोबी समुद्रसपाटीपासून सुमारे १८०० मीटर उंचीवर आहे, तिथे हवा थंड आणि मलेरियाचा धोका कमी. तिथून सुट्टीसाठी मोम्बासाच्या किनाऱ्यावर किंवा व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या किसुमूला गेलात की चित्र पूर्ण बदलतं. अल्जीरियाला २०१९ मध्ये आणि इजिप्तला २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मलेरियामुक्त म्हणून प्रमाणपत्र दिलं. मॉरिशसमध्येही मलेरिया नाही.

म्हणून डॉक्टरांकडे जाताना देशाचं, शहराचं आणि मधल्या सहलींच्या ठिकाणांचं नाव कागदावर लिहून न्या. राहायचं नैरोबीत असलं, तरी दिवाळीत चार दिवस किनाऱ्यावर जाणार असाल, तर औषधांचा निर्णय त्या चार दिवसांवर ठरतो.

"आपल्याला मलेरियाची सवय आहे"

पालकांचा हा समज मला सगळ्यात धोकादायक वाटतो. मुंबई-ठाण्यात वाढलेल्या माणसाला मलेरिया हा ओळखीचा आजार वाटतो. थंडी वाजून ताप आला, रक्त तपासलं, गोळ्या घेतल्या, आठवड्याने ऑफिसला गेलो. शहरात असा ताप बऱ्याचदा 'व्हायवॅक्स' या जातीच्या परजीवीमुळे येतो. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत मात्र बहुतेक मलेरिया 'फाल्सिपेरम' जातीचा आहे. हा परजीवी तांबड्या पेशींना मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांत चिकटवून ठेवतो. लहान मुलात सकाळी साधा ताप, संध्याकाळी उलट्या आणि दुसऱ्या दिवशी झटके किंवा बेशुद्धी, इतक्या वेगाने तो वाढू शकतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये जगात मलेरियाने सुमारे ५ लाख ९७ हजार माणसं दगावली. त्यातली ९५ टक्के आफ्रिका विभागातली, आणि त्या विभागातल्या बळींपैकी सुमारे तीन चतुर्थांश पाच वर्षांखालची मुलं होती.

यावर हमखास येणारा प्रश्न म्हणजे, "मग तिथली मुलं कशी राहतात?" याचं खरं उत्तर कटू आहे. त्यातली कित्येक मुलं पाच वर्षांची होतच नाहीत. जी वाचतात, त्यांच्या शरीरात वारंवार लागण होऊन थोडी प्रतिकारशक्ती तयार होते, आणि तीसुद्धा अर्धवट. आपल्या मुलाकडे ती नसते, आपल्याकडेही नसते. तिथे वाढलेला माणूस काही वर्षं बाहेर राहून परतला, तर त्याचीही ती कमी झालेली असते. त्यामुळे "तिथले लोक कुठे गोळ्या घेतात?" हा युक्तिवाद आपल्याला लागू होत नाही.

मलेरियाची लस आता आली आहे. २०२१ मध्ये एका आणि २०२३ मध्ये दुसऱ्या लसीची शिफारस झाली. दुसरी, 'आर २१', पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होते, त्यामुळे पालक तिच्याबद्दल आवर्जून विचारतात. पण या लसी मलेरियाच्या प्रदेशात कायम राहणाऱ्या लहान मुलांसाठी आहेत. प्रवाशांसाठी त्यांची शिफारस नाही. प्रवासी मुलाला आधार दोनच गोष्टींचा: डास चावू न देणं आणि प्रतिबंधक औषध.

प्रतिबंधक गोळ्या: सगळ्यात जास्त हयगय इथेच होते

क्लोरोक्विन आपल्याकडे घरोघरी माहीत आहे, पण आफ्रिकेतल्या फाल्सिपेरमवर ते निरुपयोगी ठरलं आहे. घरातल्या डब्यातली पट्टी उचलून नेऊ नका. मुलांसाठी विचारात घेतली जाणारी औषधं मुख्यतः तीन:

१. मेफ्लोक्विन: आठवड्यातून एकदा. प्रवासाआधी दोन-तीन आठवडे सुरू करतात आणि परतल्यावर चार आठवडे चालू ठेवतात. फिट्स किंवा मानसिक आजार असलेल्यांना देत नाहीत.

२. अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल: रोज, जेवणाबरोबर किंवा दुधाबरोबर. एक-दोन दिवस आधी सुरू करून परतल्यावर सात दिवस.

३. डॉक्सिसायक्लिन: रोज, पण आठ वर्षांखालच्या मुलांना नाही. परतल्यावर चार आठवडे.

डोस मुलाच्या वजनावर ठरतो. वर्षभराच्या मुक्कामात मूल दोन-तीन किलोंनी वाढतं, तेव्हा डोस पुन्हा ठरवावा लागतो. यातली सगळी औषधं प्रत्येक दुकानात मिळतील असं नाही, म्हणून आधीच चौकशी करा आणि पूर्ण मुक्कामाचा साठा इथूनच न्या. गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत दहापैकी एक औषध निकृष्ट किंवा बनावट असतं, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०१७ चा अंदाज आहे. तिथे रस्त्यावरच्या टपरीतून मलेरियाची गोळी घेण्याची वेळ येऊ देऊ नका. आणि हा साठा मुलांच्या हाती लागणार नाही असा कुलपात ठेवा. मलेरियाच्या काही गोळ्यांचा जास्त डोस लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतो.

अंगावर पिणाऱ्या बाळाबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. आईने गोळी घेतली तर तिच्या दुधातून बाळाचं संरक्षण होत नाही. बाळाला त्याचा स्वतंत्र डोस लागतो.

दहा दिवसांच्या सफारीला गेलेलं कुटुंब गोळ्या नेमाने घेतं. तीन महिन्यांच्या मुक्कामात मात्र तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ढिलाई सुरू होते. मूल गोळी थुंकून टाकतं, शेजारचं भारतीय कुटुंब सांगतं की "आम्ही पाच वर्षांत एकदाही घेतली नाही", आणि डबा कपाटात जातो. त्या कुटुंबाचं नशीब चांगलं असेल, त्यांचं घर शहरातल्या कमी धोक्याच्या भागात असेल, किंवा त्यांना मलेरिया होऊनही गेला असेल. त्यांच्या अनुभवावरून आपल्या दीड वर्षाच्या मुलीचा निर्णय घेता येत नाही. गोळ्या थांबवायच्याच असतील, तर तो निर्णय डॉक्टरांशी बोलून, राहण्याची जागा आणि ऋतू पाहून घ्या. कंटाळा आला म्हणून घेऊ नका.

डास चावू न देणं

मलेरियाचा डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो. त्या वेळेत पूर्ण बाह्यांचे कपडे आणि कीटकनाशक लावलेली मच्छरदाणी हवीच. पाळण्याच्या मापाची मच्छरदाणी इथूनच न्या. दोन महिन्यांपुढील मुलांना २० ते ३० टक्के 'डीट' असलेलं मलम चालतं. ते मुलाच्या तळहाताला लावू नका, हात तोंडात जातात. ऊन असेल तर आधी सनस्क्रीन, मग हे मलम. मनगटाला बांधायचे सुगंधी पट्टे आणि कपड्यावर चिकटवायच्या टिकल्या यांच्यावर भरवसा ठेवू नका. दिवसा चावणाऱ्या डासांमुळे तिथे डेंग्यूही होतो, म्हणून दिवसाही पूर्ण बेफिकिरी नको.

पिवळ्या तापाची लस आणि नऊ महिन्यांखालचं बाळ

पिवळ्या तापाचा, म्हणजे यलो फीव्हरचा विषाणू आफ्रिकेच्या मोठ्या पट्ट्यात आहे. भारतात तो नाही, पण तो पसरवणारा एडिस डास आपल्या कुंड्यांमधून भरपूर आहे. म्हणूनच आपलं सरकार याबाबत कडक आहे. केनिया, युगांडा, इथिओपिया, नायजेरिया, घाना, काँगो अशा देशांतून येणाऱ्याकडे लशीचं प्रमाणपत्र नसेल, तर त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवलं जाऊ शकतं. ही लस फक्त सरकारमान्य केंद्रांवर मिळते. घेतल्यानंतर दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं आणि २०१६ पासून ते आयुष्यभर ग्राह्य धरलं जातं.

खरा पेच लहान बाळांचा आहे. ही जिवंत विषाणूची लस आहे. सहा महिन्यांखाली ती अजिबात देत नाहीत, कारण मेंदूला सूज येण्याचा धोका असतो. सहा ते नऊ महिन्यांतही ती सहसा टाळतात. विलगीकरणाच्या नियमातून सूट आहे ती सहा महिन्यांखालच्या बाळांना. म्हणजे सात-आठ महिन्यांचं बाळ दोन्हीकडून अडकतं: लस देता येत नाही आणि परतताना प्रमाणपत्र लागतं. शिवाय खऱ्या आजारापासून संरक्षण नाही ते वेगळंच. अंगावर पाजणाऱ्या आईला ही लस देतानाही बाळ लहान असेल तर डॉक्टर सावध असतात. इथे मी मोकळेपणाने सांगतो की, तिकीट पुढे ढकला. बाळ नऊ महिन्यांचं होऊ द्या.

या लशीचं आणि एमएमआरचं वेळापत्रक एकत्र बसवावं लागतं. दोन्ही जिवंत लसी आहेत आणि त्यांच्यात शक्यतो चार आठवड्यांचं अंतर ठेवतात. अंड्याची तीव्र अ‍ॅलर्जी किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील तर आधीच सांगा. इथिओपियातून किंवा केनियातून नुसतं विमान बदलणार असाल, तरी नियम काय आहे ते विमानतळ आरोग्य कार्यालयाकडे विचारून घ्या.

बाकीच्या लसी थोडक्यात

नेहमीचं लसीकरण आधी पूर्ण करा. गोवर, पोलिओ, धनुर्वात यांचे राहिलेले डोस ही पहिली गरज. टायफॉइडची कॉन्जुगेट लस आणि हिपॅटायटिस ए बहुतेकांना हवीच. सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यात, साधारण डिसेंबर ते जून या कोरड्या काळात मेंदूज्वराच्या साथी येतात. तिकडे जाणार असाल तर मेनिंगोकॉकल लस घ्या.

रेबीजच्या लशीबद्दल माझा आग्रह थोडा जास्त आहे. लांबच्या मुक्कामाला जाणाऱ्या मुलांना ही लस आधीच द्यावी असं माझं मत आहे. संशयित प्राणी चावलेल्यांत सुमारे ४० टक्के पंधरा वर्षांखालची मुलं असतात. मूल कुत्र्याच्या पिल्लाला किंवा माकडाला हात लावतं, ओरखडा येतो, आणि रागावतील म्हणून ते घरी सांगत नाही. आधी सातव्या दिवसाच्या अंतराने दोन डोस घेतलेले असले, तर चावल्यावर इम्युनोग्लोब्युलिन शोधत फिरावं लागत नाही, फक्त दोन डोस पुरतात. लहान गावात इम्युनोग्लोब्युलिन मिळणं कठीण असतं. जखम मात्र तेव्हाही साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवायचीच.

ज्याची कोणी विचारपूस करत नाही, ते

पालक सिंहाबद्दल विचारतात, इबोलाबद्दल विचारतात. रस्त्याबद्दल फार कमी जण विचारतात. लोकसंख्येच्या मानाने रस्ते अपघातांत सर्वाधिक मृत्यू आफ्रिका विभागात होतात. गाडीत मांडीवर घेतलेलं मूल धडकेच्या वेळी कोणाच्याही हातात राहत नाही. तिथे गाडी आणि ड्रायव्हर कंपनी देते, पण मुलांची सीट देत नाही. ती इथून घेऊन जा, विमानात नेता येते. रात्रीचा महामार्गावरचा प्रवास टाळा.

सरोवरात किंवा संथ नदीत मुलांना पोहू देऊ नका. व्हिक्टोरिया आणि मलावी सरोवरांच्या काठी गोगलगायींमधून येणारा बिल्हार्झियाचा कृमी त्वचेतूनच शरीरात शिरतो. क्लोरिनच्या तलावात आणि समुद्रात तो धोका नाही. बाहेर वाळत घातलेल्या कपड्यांवर एक प्रकारची माशी अंडी घालते आणि अळी त्वचेत शिरून गळू होतं. म्हणून दुपटी आणि लंगोटांसकट सगळ्या कपड्यांना गरम इस्त्री करा. अनवाणी फिरू देऊ नका. पाणी उकळून द्या. ओआरएसची पाकिटं आणि झिंकच्या गोळ्या बरोबर असू द्या. जुलाब झाले तर सहा महिन्यांपुढील मुलाला रोज २० मिलिग्रॅम, त्याखालच्या बाळाला १० मिलिग्रॅम झिंक, एकूण १४ दिवस.

विदर्भातल्या आणि आदिवासी पट्ट्यातल्या वाचकांसाठी खास सूचना. कुटुंबात सिकलसेल असेल तर मुलाची तपासणी करूनच निघा. सिकलसेलचा वाहक असणं गंभीर मलेरियापासून काही प्रमाणात वाचवतं, हे अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातूनच दाखवलं. पण वाहक मुलालाही गोळ्या लागतातच. आणि ज्याला प्रत्यक्ष सिकलसेलचा आजार आहे, त्याच्यासाठी मलेरिया जास्तच घातक ठरतो.

ताप आला तर

हा भाग फ्रिजवर चिकटवून ठेवा. मलेरियाच्या प्रदेशात पोहोचून सात दिवस उलटले असतील आणि मुलाला ताप आला, तर त्याच दिवशी रक्ताची मलेरिया तपासणी करा. गोळ्या नियमित चालू असल्या तरी करा, कारण कुठलीही गोळी शंभर टक्के संरक्षण देत नाही. पहिली तपासणी निगेटिव्ह आली आणि ताप टिकला, तर १२ ते २४ तासांनी पुन्हा करा. सर्दी-खोकला आहे, दात येताहेत, हवा बदलली, अशी कारणं नंतर शोधू.

परतल्यानंतरचा धोका तर कुणाच्या लक्षातच येत नाही. कुटुंब जूनमध्ये शाळेसाठी परत येतं. इथे पावसाळा सुरू झालेला असतो, घरोघरी व्हायरल ताप आणि डेंग्यू असतो. मुलाला ताप येतो, जवळचे डॉक्टर डेंग्यूची तपासणी करतात, पॅरासिटामॉल देतात, आणि दोन दिवस जातात. फाल्सिपेरममध्ये ते दोन दिवस फार मोलाचे असतात. तुम्ही सांगितल्याशिवाय डॉक्टरांना प्रवासाची कल्पना येणार नाही. परतल्यानंतर तीन महिन्यांत आलेल्या कुठल्याही तापात दवाखान्यात शिरताच पहिलं वाक्य हे असू द्या: "आम्ही अमुक तारखेला आफ्रिकेतल्या अमुक देशातून आलो आहोत." काही जातींचा मलेरिया वर्षभरानेही डोकं वर काढतो, तेव्हाही हे सांगायला विसरू नका.

मग कोणी थांबावं?

माझं मत स्पष्ट सांगतो. नऊ महिन्यांखालचं बाळ पिवळ्या तापाच्या देशात नेऊ नये. गरोदर आईने आणि दोन वर्षांखालच्या मुलांनी जास्त मलेरियाच्या ग्रामीण भागात लांबचा मुक्काम टाळावा. बाबांना उंचावरच्या शहरात घर घेता येत असेल तर तिथे भेटावं, किंवा या वर्षी बाबांनीच घरी यावं. लहान बाळाला ताप आला आहे हे कळायला, त्याचं रक्त काढायला आणि त्याच्या पोटात औषध टिकवायला, प्रत्येक पायरीवर जास्त वेळ लागतो, आणि या आजारात वेळच कमी असतो. दोन वर्षांवरची निरोगी मुलं तयारी करून खुशाल जाऊ शकतात. हत्ती-जिराफ उघड्या रानात पाहण्याचा आणि वेगळ्या भाषेत मित्र जोडण्याचा अनुभव मुलांना मिळायलाच हवा.

तयारीसाठी किमान आठ आठवडे हातात ठेवा. पहिल्या आठवड्यात डॉक्टरांची भेट आणि राहिलेल्या लसी, त्यानंतर रेबीज आणि पिवळ्या तापाची लस, मग गोळ्यांची सुरुवात. विम्यात मुलाला दुसऱ्या शहरातल्या मोठ्या रुग्णालयात हलवण्याचा खर्च आहे का ते वाचून पाहा. पोहोचल्यावर पहिल्याच आठवड्यात घराजवळ चोवीस तास मलेरियाची तपासणी कुठे होते ते शोधा आणि एकदा दिवसाउजेडी तिथपर्यंत जाऊन या. रात्री दोन वाजता तापाने फणफणलेलं मूल घेऊन रस्ता शोधायची वेळ येऊ नये.